हनुवटीवरचा हात

ओळखपत्र नव्यानं काढायचं होतं म्हणून तिनं स्वतःचा फोटो संगणकावर उघडला, आणि हनुवटी साफ करायला गेली तर हनुवटी आधीच साफ होती. फोटो काढून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मालकांनी तिला गिऱ्हाइकासारखंच पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं होतं, "मान थोडी खाली, अजून, बास" एवढंच म्हणाले होते, आणि फाइल तिच्या टेबलावर पाठवून मागच्या खोलीत दिवे बंद करायला गेले होते. या दुकानात मालक फोटो काढतात आणि साफ ती करते. सोळा वर्षं झाली याला. साफ करायचा ब्रश संगणकात कुठे असतो हेही मालकांना ठाऊक नसेल, असं ती धरून चालली होती. तिनं चित्र चौपट मोठं केलं. हनुवटीवर बारीक गोल ठिगळं दिसली, शेजारची कातडी उचलून चिकटवलेली, मन लावून, नवशिक्या हातानं. अकरा होती. त्यातल्या तिनांची कड दिसत होती. तिच्या हाताखाली कुणी असं काम केलं असतं तर तिनं परत करायला लावलं असतं. मग तिनं जुन्या कप्प्यातून आठ वर्षांपूर्वीचा फोटो शोधून काढला. त्यात एकच ठिगळ होतं. म्हणजे त्या दिवशी घरून सगळं साफ करून आल्यावरही एक केस राहिला होता, जो तिला दिसला नव्हता. मालकांना दिसला होता.

दुकानाचा एक नियम होता आणि तो मालकांनीच घालून दिलेला. ओळखपत्राच्या फोटोत जे आठवड्यात जाणार ते पुसायचं, जे राहणार ते ठेवायचं. पुटकुळी पुसायची, तीळ ठेवायचा. दाढी करताना कापलेलं पुसायचं, जुना वण ठेवायचा. या नियमावर तिनं हजारो चेहरे चालवले होते. आता ती खुर्चीत टेकून बसली आणि आपल्याला यातलं नेमकं काय लावलं गेलं असेल याचा विचार करत राहिली, तोवर बाहेर काउंटरवरून "अहो, त्या जुळ्यांचे फोटो झाले का, दोघांची अदलाबदल झालीय म्हणतायत" अशी हाक आली.

कुणाला माहीत नाही, हा तिच्या आयुष्यातला एक खांब होता. तो बाकीच्या खांबांसारखा दिसत नव्हता, पण बराच भार त्याच्यावर होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली जवळजवळ प्रत्येक पहाट तिनं स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीशी, पाठ घराकडे आणि तोंड उजेडाकडे करून, हातात तळहाताएवढा आरसा आणि स्टीलचा चिमटा घेऊन काढली होती. वीस मिनिटं. मान वर, डोळे अर्धे मिटलेले, कारण हनुवटीखालचे केस डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात. लग्नानंतरच्या तिसऱ्या का चौथ्या महिन्यात नवरा एकदा लवकर उठून पाणी प्यायला आला, त्यानं मागूनच ती ताठ पाठ आणि वर केलेली मान पाहिली, आणि पावलं न वाजवता परत गेला. संध्याकाळी कुणाशी तरी फोनवर म्हणाला, "आमची ही रोज पहाटे ध्यान करते. बोलून दाखवत नाही, पण करते." तिनं ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. पुढे ते वाढत गेलं. नवरा लिफ्टचा तपासनीस, शहरभरच्या इमारतींतून फिरणारा, लिफ्टच्या दोरांपासून दाराच्या फटीपर्यंत सगळं बघून 'वापरण्यास योग्य' असा शिक्का मारणारा. त्याच्या ऑफिसातल्या लोकांच्या बायका समारंभात तिला बाजूला घेऊन विचारायच्या, मन शांत कसं ठेवायचं. ती म्हणायची, रोज थोडा वेळ द्यावा लागतो. त्यात खोटं काही नव्हतं.

चिमटा आईचा. एकोणिसाव्या वर्षी आईनं तो रुमालात गुंडाळून तिच्या हातात ठेवला होता, आणि त्याविषयी आयुष्यात दोनच वाक्यं बोलली होती. "उजेडात बस. आणि ब्लेड लावू नकोस, ब्लेड लावलंस तर बापासारखी दाढी येईल." वडील तेव्हा बाहेरच्या खोलीत गालाला साबण लावून गुणगुणत होते, आणि आरशातल्या त्यांच्या भरघोस गालांकडे पाहून तिची खात्रीच पटली. आईची पाठही खिडकीतच असायची, पण ती तेव्हा चाळीस पावलांवरच्या झाडावरचे पक्षी बघते असं घरात मानलं जायचं. वडील आईला वाढदिवसाला पक्ष्यांचं पुस्तकही देऊन बसले होते.

या सगळ्याच्या आड एक भीती होती, आणि फोटो पाहिल्यापासून ती जागेवरून हलली होती. आपण अचानक आडवे पडलो तर. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं चिमटा चष्म्याच्या घरात लपवून नेला होता आणि टाके असतानाच संडासात उभी राहून काम उरकलं होतं. चार दिवस चिमट्याविना, हा तिचा विक्रम. पण हातच चालेनासा झाला तर? शुद्ध गेली तर? सगळे भोवती उभे, आणि हनुवटी आपली वाढतेय. मरणापेक्षा हे तिला जास्त स्पष्ट दिसायचं. तेव्हा त्या आठवड्यातच ती चपलांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, लेझरच्या क्लिनिकात जाऊन बसली. कायमचं संपवायचं, कुणाला कळायच्या आत.

तिथल्या सल्लागार मुलीच्या भुवया इतक्या नीटस होत्या की तिला व्यवसायानं त्यांच्याबद्दल आदर वाटला. "मॅम, लेझर केसाच्या काळ्या रंगाला धरून मुळापर्यंत जातो," मुलगी म्हणाली. "म्हणून मूळ जागेवर पाहिजे. तुम्ही उपटता ना, तर मूळच जातं. लेझर आला आणि घरी कुणी नाही, असं होतं." मग तिनं कानामागे एक ठिपका चाचणीसाठी मारला, रबरबँड तुटून बसावा तसा, आणि चौदा सूचनांचा छापील कागद दिला. सहा आठवडे उपटणं बंद. चिमटा, दोरा, मेण काही नाही. रेझर चालेल. उन्हात जाऊ नये, गेल्यास मलम लावावं. ब्लीच नको. कुठलंही औषध चालू झालं तर कळवावं, काही गोळ्यांनी कातडी उजेडाला हळवी होते. आदल्या दिवशी रेझरनं सगळं साफ करून यावं. कागद तिला मनापासून आवडला. आयुष्यात पहिल्यांदा या गोष्टीला नंबर पडले होते. तिनं तो साखरेच्या डब्याखाली ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या एका मंगळवारी बारीक टिंब केलं, आणि 'रेझर चालेल' या ओळीवरून, आपल्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असावं तशी, पुढे गेली. आदल्या दिवशी एकदाच लावायचा, तोही दुसऱ्या दिवशी मुळासकट जाळायचंच आहे म्हणून. त्याआधी ब्लेड नाही. आई जाऊन पाच वर्षं झाली होती, पण एवढं एक तिचं ऐकायला हरकत नव्हती.

पहिला आठवडा निभावला. दुसऱ्या आठवड्यात तिनं तोंडाला मास्क लावला. घरी सांगितलं, स्वयंपाकघरातली धूळ बाधते. नवरा म्हणाला, "खिडकीतून येते ती. ध्यानाला दुसरीकडे बस." ती पहाटे तरीही खिडकीशीच बसायची, कारण न बसावं तर काय सांगणार. हात मांडीवर रिकामे ठेवून वीस मिनिटं समोर बघत राहायची. म्हणजे खरंखुरं ध्यान तिनं केलं ते या दिवसांत, आणि ते अतिशय कंटाळवाणं निघालं. दुकानात जाताना सावलीची बाजू धरून चालायची, सकाळी रस्त्याच्या डावीकडून आणि दुपारी डबा घेऊन येताना उजवीकडून, आणि दोन इमारतींमधला उन्हाचा पट्टा आला की पर्स हनुवटीसमोर धरून पळायची. समोरच्या घड्याळजीला वाटलं तिच्यामागे कुणीतरी लागलंय. तो दोन दिवस दुकानाबाहेर येऊन दोन्हीकडे पाहून गेला.

काउंटरवरच्या बाईंना सगळे चौकशी म्हणायचे, कारण त्या त्याच पाटीखाली बसायच्या आणि पाटीला जागायच्या. "मास्क कशाला गं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. ती उत्तर शोधत होती तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "दाढ का?" ती म्हणाली, "हो, दाढ." इतकं सोपं उत्तर हातात आल्यावर कुणी टाकतं का.

पण दाढ ही गोष्ट माणसाला एकटं सोडत नाही. चौकशीबाईंनी लवंग आणली. दुसऱ्या दिवशी लवंगेचं तेल. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक, फोटोला बसलेलं असताना, मान न हलवता म्हणालं, "मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा हो." रोज जेवताना मास्क न काढता घास खालून सरकवायची कला तिनं साधली, तर चौकशीबाई सगळ्यांना म्हणाल्या, बिचारीला तोंडही उघडवत नाही. चौथ्या आठवड्यात मास्कखालचे केस इतके वाढले की बोलताना कापडाच्या आतून खरखर ऐकू यायची. तिलाच यायची, पण तिला वाटायचं सगळ्यांना. पाचव्या आठवड्यात चौकशीबाई पर्स घेऊनच तिच्या टेबलाशी आल्या. "चल. माझी चुलतजाऊ दातांची डॉक्टर आहे, तिनं चार वाजताची वेळ दिलीय. नाही म्हणायचं नाही, मी मालकांना सांगितलंय." ती म्हणाली, आता थांबलीय दुखायची. "हो ना, डॉक्टरचं नाव काढलं की सगळ्यांचीच थांबते."

खुर्ची मागे कलली, वरचा दिवा पेटला, आणि दाताच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्क काढा." अशा वेळी माणूस काय करतो, तर काढतो. त्या प्रकाशात तिचा चेहरा चौपट मोठा झाल्यासारखा तिला वाटला. डॉक्टरबाईंचे डोळे तिच्या हनुवटीवरून तोंडात गेले, वाटेत कुठे थांबले नाहीत. हे तिनं नोंदवलं. चांगला कारागीर असाच बघतो. "हं," त्या म्हणाल्या. "वरची मागची. पार गेलीय हो, इतके दिवस सहन कशी केलीत?" तिला क्षणभर अभिमान वाटला. आपण सांगितलं ते निदान खोटं नव्हतं. अर्ध्या तासात दाढ निघाली. डॉक्टरबाईंनी कापसानं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, आणि कापसाचे पुंजके कुंपणाला लोकर अडकावी तसे तिथेच अडकले. त्यांनी एक ओढून काढला, दुसरा काढायला हात नेला आणि मग नको म्हणून मागे घेतला. "पाच दिवस या गोळ्या. उन्हात जास्त फिरू नका, या गोळ्यांनी कातडी हळवी होते." तोंडात बोळा असल्यामुळे तिला हसता आलं नाही, नाहीतर हसली असती. तिनं क्लिनिकला कळवलं. भुवयांची मुलगी म्हणाली, "मॅम, मग दोन आठवडे पुढे जाऊ."

चौकशीबाई तिला बसमध्ये बसवून देऊन परत गेल्या. बस भरलेली होती. मास्कच्या आत कापूस, जिभेवर लोखंडाची चव, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाचा. ती दांड्याला धरून उभी राहिली आणि डावा हात आपोआप हनुवटीवर गेला, मास्कवरून, मूठ करून, घट्ट. समोर बसलेल्या बाईनं वर पाहिलं आणि उठून जागा दिली. "दात का हो? समजतं हातावरूनच." ती बसली. तिला जागा मिळाली, खिडकी मिळाली, आणि मग दोन थांब्यांच्या मध्ये, काही कारण नसताना, आईचा हात आठवला. आईला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात राहिला. तो एकोणीस दिवस आईनं हनुवटीवर ठेवला होता, मूठ करून, घट्ट. कुणी तो खाली घेतला की पुन्हा वर. नर्स म्हणाली, जबडा दुखत असणार. तिचा भाऊ म्हणाला, पडताना लागलं असणार. तीही म्हणाली होती. तिनंच डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं, जबड्याचं बघा. एक्स-रे काढला. भावानं तो ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला, सगळ्यांनी पाहिला, चांगला सरळ जबडा होता. तरी हात काही खाली येईना म्हणून वेदना कमी करायचं औषध वाढवलं. भेटायला येणारे म्हणत, किती सोसतायत. आई डोळ्यांनी तिच्याकडे बघायची, फक्त तिच्याकडे, दारातून कुणी आत आलं की आधी त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे. आणि तो चिमटा तेव्हा बसनं पाच थांब्यांवर, तिच्याच घरी, तिच्याच खणात होता. सगळ्या जगात एका माणसाला कळायला हवं होतं आणि ते माणूस एक्स-रे धरून उभं होतं.

तिचा थांबा गेला. ती पुढच्या थांब्यावर उतरून सावलीच्या बाजूनं चालत परत आली. रडू वगैरे आलं नाही. आलं असतं तरी मास्कमध्ये कापूस होता.

उरलेले तीन आठवडे तिनं ठरल्याप्रमाणे घालवले. दुकानात एकदा मालक फाइल द्यायला टेबलाशी आले तेव्हा, स्क्रीनवरून नजर न काढता, ती म्हणाली, "माझ्या फोटोत हनुवटी तुम्ही पुसलीत."

"हो."

"नियमात बसत नाही ते."

मालकांनी थोडा विचार केला. "बसतं की. जाणारं ते पुसायचं. तुमचं तर रोजच जातं." मग जायला निघाले आणि वळून म्हणाले, "कडा राहिल्या का?"

"तीन राहिल्या."

"ब्रश मऊ कसा करतात ते दाखवा एकदा," असं म्हणून ते गेले.

मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, तिनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं, नवऱ्याचा फेस हनुवटीला लावला आणि नवऱ्याचाच रेझर हातात घेतला. नवा आणावा हे डोक्यातच आलं नव्हतं. ती गोष्ट बाप्यांची, ती घरात असतेच. कडी मात्र सैल होती. वर्षभर ती नवऱ्याला सांगत होती आणि तो जगभरची दारं तपासत फिरत होता. त्यानं बाहेरून हात लावला आणि दार उघडलं. तो दारात, ती फेसात. नळ चालू होता. त्याची नजर तिच्या हनुवटीवर थांबली, मग रेझरवर, मग पुन्हा हनुवटीवर, यंत्र बघताना थांबते तशी.

"उलटा धरलायस," तो म्हणाला. "केसाच्या दिशेनं घे. कातडी ताण जरा. हां. दाबू नकोस, तो आपल्या वजनानं चालतो." ती तसं करत गेली. तो नळ बंद करून दाराला टेकून उभा राहिला. काम संपल्यावर त्यानंच टॉवेल दिला. "किती दिवस?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग पहाटे खिडकीत ते..."

"तेच."

"ध्यान नव्हतं?"

"नव्हतं."

तो खाली टबाच्या काठावर बसला. तिला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. "मी ऑफिसात तिघांना लावलंय गं," तो म्हणाला. "सव्वापाचचा गजर लावून बसतात बिचारे. एकाचं तर ब्लडप्रेशर उतरलं."

मंगळवारी भुवयांच्या मुलीनं तिला आडवं केलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि पांढऱ्या पेन्सिलीनं हनुवटीवर चौकट आखली. "फार छान तयारी केलीत मॅम. रोज रेझर करत होतात ना?"

"नाही. कालच एकदा."

"मग आठ आठवडे काय केलंत?"

"वाढवले."

मुलगी थांबली. "अहो, नुसतं उपटायचं नव्हतं. रेझर रोज चालला असता. लिहिलंय की दोन नंबरला."

"ब्लेड लावलं की दाट होतात ना."

"असं काही नसतं मॅम."

चष्म्याच्या काळोखात ती हे वाक्य ऐकून पडून राहिली. सात आठवड्यांचा मास्क, लवंगेचं तेल, सावलीच्या बाजू आणि एक दाढ, हे सगळं तिच्या पोटावर कुणीतरी हळूच आणून ठेवल्यासारखं झालं, आणि त्याचं ओझं वाटण्याऐवजी तिला उगाच आई बरोबर असल्यासारखं वाटलं. दोघी मिळून फसल्यासारखं. मुलगी जवळ वाकली होती, भिंगातून बघत होती. "पण एक सांगते. बत्तीस काळे आहेत, ते सहा-सात वेळांत जातील. हे सात पांढरे झालेत. पांढरा लेझरला दिसतच नाही. ते उपटलेत तरी चालेल आता, पण कायम उपटावेच लागतील." मग यंत्र सुरू झालं. टोचायचं, जळका वास यायचा, गार व्हायचं. बत्तीस वेळा आणि वर काही. ती मोजत नव्हती. ती सातांचा विचार करत होती. कायमचं संपवायला आली होती आणि सात उरले होते. सातांना हात लागतो. तो आपला असला तर ठीक.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती खिडकीशी बसली, पण पाठ उजेडाकडे आणि तोंड घराकडे करून, आणि नवऱ्याला हाक मारली. तो वाचायचा चष्मा लावून आला, परत गेला, आणि लिफ्टच्या विहिरीत उतरताना कपाळाला बांधतात तो दिवा बांधून आला. तिनं आईचा चिमटा त्याच्या हातात ठेवला.

"सात आहेत. पांढरे. आधी बोटानं शोधा, दिसत नाहीत."

"बोटानं?"

"बोटानंच."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं बोट तिच्या हनुवटीवरून मुद्दाम फिरलं. खरखरीत, तेलाचा वास असलेलं बोट होतं. तिचा डावा हात आपोआप वर आला. तिनं तो धरून मांडीवर ठेवला. पहिल्या खेपेला त्यानं कातडीच धरली. दुसऱ्या खेपेला केस निसटला. "नीट शिकून घ्या," ती म्हणाली. "मी कधी दवाखान्यात पडले, बोलता येईना, आणि हात असा हनुवटीवर घट्ट धरून बसले, तर जबड्याचा एक्स-रे काढायचा नाही. नर्सला बाहेर पाठवा आणि चिमटा आणा."

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावरचा दिवा सरळ तिच्या डोळ्यांत होता, त्यामुळे त्याचा चेहरा तिला दिसला नाही.

"कुठं असतो तो?"

"चष्म्याच्या घरात."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला. त्याचा फोन वाजायला लागला. एवढ्या पहाटे त्या तिघांपैकीच कुणीतरी असणार. त्यानं तो खांद्यात धरला, चिमटा न सोडता, आणि हळू आवाजात म्हणाला, "मागाहून करतो. आम्ही दोघं ध्यानाला बसलोय." मग म्हणाला, "सापडला. हलू नकोस."